वेगाची गाडी आणि मधला चौकोन

माझं आडनाव साने. जपानात या आडनावाचा मला फार फायदा झाला. फोनवर "साने बोलतेय" म्हटलं की समोरचा मला जपानीच समजायचा आणि निदान दोन वाक्यं ऐकून घ्यायचा. तिसऱ्या वाक्याला माझे उच्चार उघडे पडायचे, पण तोवर तो "हं, विचारा" म्हणून बसलेला असायचा. एकदा हो म्हटल्यावर मागे फिरायचं नाही, ही इथली सभ्यता. त्या सभ्यतेवर मी अख्खी नोकरी काढली.

नोकरी म्हणजे लोकांना त्यांचं मत विचारायचं. श्रीधर, म्हणजे माझा नवरा, पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर इथे आला. टोकियोजवळ ग्योतोकुला घर घेतलं, मुलगी शाळेत जायला लागली आणि मी भाषेच्या वर्गाला. मग कावासाकीतल्या एका जनमत पाहणी करणाऱ्या कंपनीत अर्धवेळ काम मिळालं. आधी फोनवर, मग दारोदार, आणि शेवटी दारोदार फिरणाऱ्यांची मी प्रमुख झाले. पुण्यातली माझी नणंद अजून विचारते, "पण तू विकायचीस काय?" काही नाही गं बाई, विचारायचे. "आणि त्याचा पगार देतात?" देतात! उन्हातान्हात फिरवून देतात.

माणसं एकेक भेटली. एका आजींनी इंटरकॉमवर "थांबा हं" म्हटलं आणि मला दारात बराच वेळ ताटकळत ठेवलं. मी मनात चरफडत होते. दार उघडलं तर आजी चांगला पोशाख करून, लिपस्टिक लावून उभ्या. म्हणाल्या, "माझं मत विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं, अशी गबाळी कशी देऊ?" प्रश्न कपडे धुण्याच्या पावडरीबद्दल होते. एक निवृत्त गृहस्थ मात्र प्रत्येक प्रश्नाला मलाच विचारायचे, "बाकीचे काय म्हणाले?" ते सांगता येत नाही म्हटलं तर म्हणायचे, "मग बाकीच्यांचं जे असेल, ते माझं." सगळा कागद त्यांनी तसाच पुरा केला.

या गृहस्थांसाठीच जणू आमच्या प्रश्नावलीत एक मधला चौकोन असतो. डावीकडे 'हवं', उजवीकडे 'नको' आणि मधे 'नक्की सांगता येत नाही'. इथे तो मधला चौकोन सगळ्यात लाडका. आपल्याकडे रिक्षावाल्यालासुद्धा पंतप्रधानांनी काय करायला हवं ते ठाऊक असतं. इथे मोठमोठी माणसं मधे खूण करून, वाकून नमस्कार करून, दार लावून घेतात. नवशिके पाहणीवाले त्यावर वैतागतात. मला कळून चुकलं होतं की त्या चौकोनात कधी खरंच काही नसतं, आणि कधी माणसाचा सगळा जीव असतो. कोणतं कधी, ते ओळखणं हेच आमचं काम.

आता वेगाच्या गाडीची गोष्ट सांगते. ही अगदी अलीकडची आहे, त्यामुळे गावाचं नाव बदलते. मात्सुहारा म्हणू या.

समुद्रकाठी एक मोठं जुगाराचं केंद्र उभं राहायचं होतं. हॉटेलं, नाट्यगृहं, दुकानं, आणि पोटात कॅसिनो. तिथवर राजधानीच्या बाजूने वेगवान गाडी न्यायची योजना होती. मात्सुहारा वाटेत. डोंगराच्या पायथ्याचं लहानसं गाव, जुनी रेल्वे केव्हाच बंद पडलेली, दिवसातून मोजक्या बस. नव्या गाडीचं एक स्टेशन तिथे होणार होतं. गाडी व्हावी म्हणून उद्योजकांनी आणि स्थानिक पुढाऱ्यांनी एक समिती काढली होती, आणि लोकांचं मत आजमावायचं काम समितीने आम्हाला दिलं. आमचा अहवाल पुढे सरकारी सुनावणीत ठेवला जाणार होता.

प्रश्नावली समितीकडूनच आली. तीत कॅसिनो हा शब्दच नव्हता. 'समुद्रकिनारी विकसित होणारं पर्यटन केंद्र' होतं. मी आमच्या विभागप्रमुखांना, ओकाबे-सानना (सान म्हणजे आपलं 'जी'), म्हटलं, "हे म्हणजे दारूच्या दुकानाला शीतपेय केंद्र म्हणण्यासारखं झालं." ओकाबे-सान माझ्याहून वयाने बरेच लहान, अतिशय नम्र. राग आला की ते आणखी नम्र होतात. म्हणाले, "साने-सान, ग्राहकाची शब्दरचना आहे." विषय तिथे संपला, असं त्यांना वाटलं.

दारोदार जायला वेळ नाही, म्हणून समितीने सोय केली. मात्सुहाराच्या वस्तीमंडळाचे अध्यक्ष कानेमोरी-सान यांनी रविवारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. वस्तीमंडळ म्हणजे आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखंच, पण कितीतरी वजनदार. सण, साफसफाई, भूकंपाच्या वेळची मदत, कुणाच्या घरी मयत झालं तर धावपळ, सगळं तेच बघतं. लांबच लांब टेबलं मांडलेली, आपापल्या गल्लीप्रमाणे माणसं बसलेली, आणि समोर कानेमोरी-सान. उंच, सडसडीत, पांढऱ्या भुवया. त्यांनी उठून एवढंच सांगितलं, "गावाची शाळा बंद व्हायला आली आहे. गाडी आली तर पोरं परत येतील, अशी मला आशा आहे. बाकी तुम्ही मोकळेपणाने लिहा."

मोकळेपणाने! शेजारी शेजारणीचं कोपर लागतंय, समोर अध्यक्ष बसलेत, आणि म्हणे मोकळेपणाने. सगळं सभागृह अळीमिळी गुपचिळी. पेन्सिलींचा आवाज तेवढा. कागद गोळा केले तर एकामागून एक मधला चौकोन, मधला चौकोन, मधला चौकोन. 'हवं'वाले थोडे, 'नको'वाला औषधालासुद्धा नाही.

ओकाबे-सानच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. परतीच्या मोटारीत बसताना म्हणाले, "म्हणजे 'विरोध आढळला नाही' असं लिहिता येईल."

"ओकाबे-सान," मी म्हटलं, "गप्प बसलेला माणूस आणि तयार असलेला माणूस यांत फरक आहे."

"आकड्यांत नाही," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना पुढे जायला सांगितलं आणि मात्सुहारातच राहायची सोय असलेल्या एका छोट्या खानावळीत मुक्काम केला. खानावळीच्या बाईंची कंबर धरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची पाळी त्यांची, म्हणून त्या कण्हत उठत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही झोपा, मी जाते."

याला कारण होतं. इथे कचरा वेगवेगळा करून ठरल्या वारी कोपऱ्यावर ठेवायचा असतो, आणि कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून वर जाळी टाकायची असते. ती जाळी सांभाळायची घराघरांना पाळी. ग्योतोकुत आमच्या इमारतीच्या सभेत मी एकदा विचारलं होतं, दिवाळीत जिन्यात पणत्या लावल्या तर चालतील का? सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या कोपऱ्यावर शेजारच्या ओओता-सान हळूच म्हणाल्या, "दिवे सुंदर असतात हो, पण आगीच्या भीतीने चौथ्या मजल्यावरच्या आजींना झोप यायची नाही." तेव्हापासून आम्ही बॅटरीचे दिवे लावतो आणि मी सभेवर विश्वास ठेवत नाही. इथलं खरं बोलणं हातात कचऱ्याची पिशवी असताना होतं. तिथे कुणी अध्यक्ष नसतो, बसायला जागा नसते आणि पाहिजे तेव्हा निघून जाता येतं.

तर मी हातमोजे घालून, जाळी धरून कोपऱ्यावर उभी राहिले. पंजाबी ड्रेसमधली बाई कावळे हाकतेय म्हटल्यावर गावाला गंमतच वाटली. दोघीतिघींनी जाळी कशी टाकायची ते शिकवलं. एकीने माझ्या समोरच एक पिशवी उघडून त्यातली बाटली बाहेर काढली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती टाकली! मग एक सत्तरीच्या बाई आल्या. ठेंगण्या, डोक्याला रुमाल, अंगाला तळणाचा वास.

"काल सभागृहात तुम्हीच होतात ना? मी हामानो. कोपऱ्यावर माझं तयार भाज्यांचं दुकान आहे." मग वाकून म्हणाल्या, "मी मधे खूण केली. तुमच्या कामाला त्रास झाला असेल."

"त्रास कसला? पण हामानो-सान, तुम्हाला खरंच काही वाटत नाही?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली. "वाटतं हो. पण कानेमोरी-सान समोर बसले होते."

आणि मग त्या बोलल्या. त्यांचा मुलगा शिंजी, चाळिशीचा. शहरात नोकरीला होता, तिथे बोटींच्या शर्यतींवर पैसे लावायची सवय लागली. नोकरी गेली, बायको गेली. तो परत आला तेव्हा सगळं गाव नजर चुकवायचं, दुकानात कुणी फिरकेना. त्या वेळी कानेमोरी-सान रोज संध्याकाळी, रस्त्यावर गर्दी असताना, त्यांच्या दुकानात येऊन उभे राहायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दोन क्रोकेट, म्हणजे बटाट्याची तळलेली कटलेटं, मागायचे. हळूहळू बाकीचे यायला लागले.

"त्यांच्या समोर मी 'नको' कसं लिहू?" हामानो-सान म्हणाल्या. "शिंजी आता मागे तळणावर असतो. चांगला आहे. पण चांगला राहिलाय कारण इथून कुठेच जाता येत नाही. बस, मग दुसरी बस, मग गाडी. तेवढ्या वेळात त्याचं मन परत फिरतं. दोनदा तो अर्ध्या वाटेवरून परत आलाय, मला माहीत आहे, त्याला वाटतं मला माहीत नाही. नवी गाडी झाली तर चहा गार व्हायच्या आत पोचेल तो."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. एका हातात जाळी, दुसऱ्या हाताने डोळे पुसावेत तर हातमोजा कचऱ्याचा. शेवटी त्यांनीच आपल्या रुमालाचं टोक माझ्यापुढे केलं.

कचऱ्यापाशी ऐकलेलं मत आम्ही मोजत नाही. मोजूही नये, तसं केलं तर आमचा धंदा म्हणजे नुसत्या चहाड्या होतील. पण काय विचारायला हवं होतं ते तिथे कळतं. त्या सकाळी आणखी चारपाच जणी बोलल्या आणि सगळ्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट होती. गाडी त्यांना हवी होती. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, शहरातल्या नातवंडांसाठी हवी होती. ती जिथे जाणार होती, ते नको होतं. आमच्या कागदावर हे लिहायला चौकोनच नव्हता, म्हणून बिचाऱ्यांनी मधे खूण केली.

निघण्याआधी मी कानेमोरी-सानना भेटले. चहा आला. मी विचारलं, "तुमचं स्वतःचं मत काय?"

ते जरा हसले. "अध्यक्षाला स्वतःचं मत नसतं, साने-सान. वस्ती म्हणेल ते."

वस्ती तुमच्याकडे बघतेय आणि तुम्ही वस्तीकडे, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

कावासाकीला परतले तर अहवाल तयार. 'मात्सुहारा परिसरात विरोध आढळला नाही.' खाली दारोदार पाहणीच्या प्रमुखाचा, म्हणजे माझा, शिक्का मारायची जागा. इथे सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात आणि त्याला सहीपेक्षा जास्त मान. माझा शिक्का माझ्या पर्समध्ये. मी म्हटलं, "मारणार नाही."

ओकाबे-सान कमालीचे नम्र झाले. "साने-सान, आपण एकदा विचार करावा."

"केला. पाहणीची पद्धत चुकली आहे. प्रत्येक घरी पाकीट द्या. नाव नाही, गल्ली नाही. भरून थेट आपल्याकडे पोस्टाने. अध्यक्षांकडे नाही, सभागृहात नाही. आणि दोन प्रश्न. गाडी गावात थांबावी का, आणि ती कॅसिनोपर्यंत न्यावी का. कॅसिनो हा शब्द लिहून."

"समिती तयार होणार नाही."

"मग समितीने दुसऱ्या कुणाचा तरी शिक्का शोधावा."

घरी श्रीधर म्हणाला, "अगं, निवृत्तीला आलीस, मारून टाक ना शिक्का. कोण वाचतंय?" मुलगी मधेच जपानीत काहीतरी पुटपुटली. अर्थ साधारण असा की आई ऐकणार नाही, बाबा, उगीच वेळ घालवू नका. तिने आयुष्यात मला इतकं बरोबर कधी ओळखलं नव्हतं.

दोन दिवस ऑफिसात माझ्याशी कुणी कामापलीकडे बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ओकाबे-सान कोट घालून माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, झालं, आता नारळ. ते म्हणाले, "मी समितीकडे जातोय. पद्धत आमची चुकली, असं सांगून माफी मागतो आणि दुसरी फेरी आमच्या खर्चाने करतो."

"मी येते बरोबर."

"नको," ते घाईघाईने म्हणाले. "तुम्ही आलात तर भांडण होईल."

त्या माणसाबद्दल तोवर मी मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं मागे घेतलं.

पाकिटं गेली. मधला चौकोन मी काढला नाही. काढला असता तर आम्ही लोकांना कोपऱ्यात गाठून बोलतं केलं, असं समितीने म्हटलं असतं, आणि ते खरंही ठरलं असतं. पाकिटं परत यायला लागली आणि आम्ही सगळे ती उघडायला बसलो. मधला चौकोन बराचसा रिकामा होता. पहिल्या प्रश्नाला 'हवं', दुसऱ्याला 'नको', पुन्हा पहिल्याला 'हवं', दुसऱ्याला 'नको'. काहींनी इतका जोर देऊन खूण केली होती की कागदाच्या मागे उमटली होती. माझा जीव भांड्यात पडला.

निकाल गावापुढे मांडायला मात्सुहाराच्या त्याच सभागृहात सभा झाली. समितीचे दोन गृहस्थ, ओकाबे-सान आणि मी. मी उभं राहून वाचून दाखवलं. गाडी हवी, कॅसिनोपर्यंत नको. समितीतले एक गृहस्थ गोड आवाजात म्हणाले, "निनावी कागदावर काहीही लिहिता येतं. आज इथे, समोरासमोर, असं म्हणणारं कुणी आहे का?"

कुणी हललं नाही. हामानो-सान तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. शेजारी एक रुंद खांद्यांचा माणूस, तळणाचे डाग पडलेला एप्रन अजून अंगावर. तो शिंजी, हे मला सांगायची गरज नव्हती. समितीच्या गृहस्थांनी कागद आवरायला घेतले. मला वाटलं, संपलं. पाहणी कितीही नीट करा, शेवटी या खोलीत तोंड उघडायला कुणी नाही.

तेवढ्यात कानेमोरी-सान उठले.

"त्यांतलं एक पाकीट माझं होतं," ते म्हणाले. "मी दुसऱ्या प्रश्नाला 'नको' लिहिलं. लोकांना वाटत होतं की मला ही गाडी जशी आहे तशी हवी आहे, आणि मला वाटत होतं की लोकांना ती हवी आहे. म्हणून मी गप्प राहिलो. अध्यक्ष म्हणून हे चुकलं." आणि ते सगळ्या सभागृहासमोर कमरेतून खाली वाकले.

हामानो-सानच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. त्या उठायला लागल्या, पण शेजारच्या माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि तो स्वतः उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. एप्रनला हात पुसत होता.

"मी हामानो शिंजी. मला जुगाराचं व्यसन आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. आता खेळत नाही." त्याने आईकडे पाहिलं. "ती गाडी झाली तर मी तिच्यात बसेन. मला माझं माहीत आहे. म्हणून नको."

तो खाली बसला. त्याच्या आईने त्याच्या एप्रनची कड मुठीत घट्ट धरली होती, लहान मुलाची धरावी तशी. मग मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, "माझंही नको." मग आणखी एक. मग दोघी एकदम.

ओकाबे-सान माझ्या कानाशी लागले. त्यांच्या हातात पेन होतं. "साने-सान, त्या माणसाचं बोलणं कोणत्या रकान्यात धरायचं?"

"ते मोजायचं नाही, ओकाबे-सान," मी म्हटलं. "त्याला विचारू, आणि तो हो म्हणाला तर पहिल्या पानावर लिहू. जसंच्या तसं."

शिंजीने हो म्हटलं, फक्त नाव घालू नका म्हणाला. अहवालाच्या पहिल्या पानावर, आकड्यांच्या आधी, त्याची ती वाक्यं आहेत. त्यांच्या खाली मी माझा शिक्का मारला, इतका दाबून की तो मागच्या पानावर उमटला.

सुनावणी अजून व्हायची आहे. गाडीचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि मी आता निवृत्त आहे, त्यामुळे मला कुणी पाठवणार नाही. पण सुनावणी सर्वांना खुली असते. मी जाणार आहे. कानेमोरी-सान येणार आहेत, हामानो-सान येणार आहेत. शिंजी दुकान आवरून मागून एकटाच निघणार आहे आणि आम्हाला तिथल्या स्टेशनवर भेटणार आहे. बस, मग दुसरी बस, मग गाडी, असा सगळा प्रवास करून तो येणार आहे, आणि या वेळी अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं नाही, असं त्याने आईला कबूल केलं आहे.